दुसऱ्या खेपेची तयारी

आमच्या सोलापुराकडे पहिलें बाळंतपण माहेरीं आणि दुसरें सासरीं, असा पुष्कळ घरांचा परिपाठ आहे. त्यामुळें एक अडचण हमखास उभी राहते. पहिल्या वेळीं काय घडलें तें ज्या कागदावर लिहिलेलें असतें, तो कागद माहेरच्या कपाटांत राहतो. कांहीं दिवसांपूर्वीं नव्या पेठेंतील एक भगिनी सातव्या महिन्यांत मजकडे आल्या. "मागच्या खेपेस टांके फार पडले होते," यापलीकडे त्यांना कांहीं सांगतां येईना. ते किती खोल होते, हें त्यांना कोणीं सांगितलें नव्हतें. त्यांनींही विचारलें नव्हतें. या वेळीं शस्त्रक्रियेवांचून मूल व्हावें ही इच्छा, आणि पुन्हां तसेंच झालें तर, ही धास्ती.

टांका हा शब्द एक असला तरी जखमा सारख्या नसतात. नुसती त्वचा फाटणें ही पहिली पायरी. तिच्याखालचे स्नायु फाटले कीं दुसरी. शौचाचा वेग आवरून धरणारा स्नायु फाटला तर तिसरी. आणि त्याच्या आंतील अस्तरही फाटलें तर चौथी. विचार करावयाचा तो मुख्यतः शेवटच्या दोहोंचा. या जखमा वेळींच ओळखून नीट शिवल्या तर वर्षभरानें १०० पैकीं ६० ते ८० स्त्रियांना कसलाही त्रास उरत नाहीं. पुढील नैसर्गिक प्रसूतींत तशीच जखम पुन्हां होण्याचा संभव १०० मध्यें साधारण ५ ते ७ धरतात. भीति अगदींच निराधार नाहीं, पण ती मनांत जेवढी वाढते तेवढी मोठीही नाहीं.

तेव्हां निर्णय कशावर घ्यावयाचा? आज त्रास आहे कीं नाहीं, यावर. वारा आवरतो का, शौचाची घाई सोसते का, वस्त्रें खराब होतात का, हे प्रश्न विचारण्यासाठीं मीं प्रथम सासूबाईंना बाहेर चहाला धाडलें! स्त्रिया असलें दुखणें पुरुष वैद्यांपुढें बोलत नाहींत, हें आनंदीबाई जोशी यांनीं १८८३ सालीं श्रीरामपूरच्या व्याख्यानांत सांगितलें होतें. आज स्त्रीवैद्य पुष्कळ आहेत. पण घरच्या माणसांसमोर जीभ अजून अडखळतेच.

त्रास असेल, किंवा तपासणींत तो स्नायु दुर्बळ आढळला, तर पोट उघडून प्रसूति करण्याचा विचार गंभीरपणें करावा. मात्र तो मार्गही निर्धोक नव्हे. गर्भाशयावरील व्रणामुळें पुढच्या गर्भारपणांत वार भलत्या जागीं चिकटण्याचा धोका असतो. आमच्या भगिनींना त्रास नव्हता. माहेराहून कागदाचें छायाचित्र मोबाईलवर आलें; जखम तिसऱ्या पायरीची, शिवण व्यवस्थित. नैसर्गिक प्रसूति करण्याचें ठरलें.

मग ठरवावयाचें तें प्रसूतिगृहाशीं. कळा देण्याच्या वेळीं कोमट पाण्याच्या फडक्यानें शेक द्यावा. खोल जखमा त्यानें कमी होतात. डोकें बाहेर येतांना घाई नको, सुइणीचा हात आधाराला हवा. तेल लावून मर्दन करण्याचा गाजावाजा फार, पण जखम टाळण्यास त्याचा उपयोग पहिलटकरणीलाच दिसून आला आहे. केवळ मागें फाटलें होतें म्हणून आधींच चिरा घेण्याचें कारण नाहीं. गरज पडलीच तर तो मध्यरेषेवर नव्हे, तिरका घ्यावा. आणि टांके घालण्यापूर्वीं गुदद्वारांत बोट घालून तपासणी करावी, असें आपण होऊन म्हणावें. खोल जखम नजरेआड राहते ती येथेंच.

बाळंतिणीला पाणी बेतानें देण्याची जुनी चाल या प्रसंगीं मोडावी. शौच घट्ट झालें कीं टांक्यांवर ताण येतो. सासूबाईंना हें पटावयास दोन भेटी लागल्या. त्यांच्या सुनेचे दिवस अजून भरावयाचे आहेत. माहेरचा मूळ कागद मात्र आतां तिच्या पिशवींत आहे.