घोळणा फुटणे : कारणे आणि उपचार



वैशाखाचा वणवा पेटला की विदर्भ-मराठवाड्यातील रुग्णालयांच्या कान-नाक-घसा बाह्यरुग्ण विभागात एक दृश्य हमखास दिसते. सदऱ्यावर रक्ताचे डाग, मान मागे टाकलेली, डोक्यावर ओले फडके आणि नाकाशी फोडलेला कांदा, अशा स्थितीत एखादे शाळकरी मूल आणले जाते. बहुधा तोवर रक्त थांबलेलेही असते. त्याच बाकावर साठी उलटलेले एखादे गृहस्थ नाकाला उपरणे लावून बसलेले असतात. त्यांचे रक्त मात्र तासाभरानंतरही थांबलेले नसते. लोकभाषेत दोघांचाही 'घोळणा फुटला' असे म्हणतात आणि कारण विचारले तर 'उष्णता' हे एकच उत्तर मिळते. वास्तविक या दोन दुखण्यांत पुष्कळ अंतर आहे. ते अंतर ओळखणे हाच या विषयाचा गाभा होय.

नाकाच्या मधल्या पडद्याच्या पुढील भागात चार-पाच रोहिण्यांच्या बारीक शाखा एकत्र येऊन त्यांचे जाळे बनते. अमेरिकन शल्यवैद्य जेम्स लिटल यांनी १८७९ साली या जागेचे वर्णन केले. म्हणून तिला 'लिटल क्षेत्र' म्हणतात. येथील त्वचा अतिशय नाजूक असते. घोळणा फुटण्याच्या सुमारे ९० टक्के प्रकारांत रक्त या पुढील भागातूनच येते आणि बाहेरून दाब देताच ते थांबू शकते. उरलेल्या थोड्या प्रकारांत रक्त नाकाच्या मागील भागातून येते, घशात उतरते आणि सहजी आटोक्यात येत नाही. हा प्रकार उतारवयात अधिक आढळतो.

मुलांमध्ये सर्वांत मोठे कारण म्हणजे नाकात बोट घालण्याची सवय. कोरड्या हवेने नाकात खपल्या धरतात. त्या नखाने काढल्या की रक्त येते. सर्दी, पडसे आणि खेळताना लागलेला मार ही अन्य कारणे होत. चिंचोका, हरभरा, खडूचा तुकडा अशी वस्तू लहान मूल नाकात घालते आणि विसरते. मग एकाच नाकपुडीतून दुर्गंधीयुक्त, रक्तमिश्रित स्राव येऊ लागतो. खेळण्यातील बटनाच्या आकाराचा सेल नाकात गेल्यास काही तासांतच आतील भाग जळतो. अशा वेळी क्षणाचाही विलंब करू नये. ओढ्या-तळ्याचे पाणी ओंजळीने पिणाऱ्यांच्या नाकात क्वचित जळू शिरते. जुन्या नासारोगात माशीने अंडी घातल्यास अळ्या होऊनही रक्त येते.

प्रौढांच्या बाबतीत औषधांची चौकशी अगत्याची असते. हृदयविकारासाठी दिलेली रक्त पातळ ठेवणारी औषधे, ॲस्पिरिन, यकृताचे विकार, मद्यपान यांमुळे रक्त गोठण्यास वेळ लागतो. रक्तदाब वाढला म्हणूनच रक्त आले, असे प्रत्येक वेळी म्हणता येत नाही. परंतु वाढलेला रक्तदाब रक्त थांबू देत नाही, हे निश्चित. हिमोफिलिया आणि रक्तकणिकांची कमतरता यांचाही विचार करावा लागतो. ताप, अंगावर लाल ठिपके आणि नाकातून रक्त ही लक्षणे एकत्र दिसल्यास तो डेंग्यू असू शकतो. आयुर्वेदानेही 'रक्तपित्त' या प्रकरणात नाकातून होणाऱ्या रक्तस्रावाचा स्वतंत्र विचार केला आहे. सारांश, 'उष्णता' हा एकच शब्द या साऱ्या कारणांवर पांघरूण घालतो.

आता प्रथमोपचार. रुग्णाला निजवू नये, बसवावे. मान मागे न टाकता किंचित पुढे झुकवावी. अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत दोन्ही नाकपुड्यांचा मऊ भाग घट्ट धरावा. वरच्या हाडावर दाब देऊन उपयोग नाही. ही चिमूट घड्याळ लावून सलग १० ते १५ मिनिटे सोडू नये. 'थांबले का' म्हणून मधेच सोडून पाहिले की धरू लागलेली गुठळी निसटते. रुग्णाने तोंडाने श्वास घ्यावा आणि तोंडात आलेले रक्त थुंकून टाकावे. मान मागे टाकल्याने रक्त थांबत नाही, ते केवळ पोटात जाते आणि उलटी होते. डोक्यावर थंड पाणी घालण्याने किंवा कांदा हुंगण्याने मोठा अपाय नाही. परंतु त्यात दाब देण्याचा बहुमोल वेळ निघून जातो.

इतके करूनही रक्त न थांबल्यास रुग्णालय गाठावे. तेथे प्रथम नाडी व रक्तदाब पाहतात. मग रक्तवाहिन्या आकुंचित करणाऱ्या औषधाचा बोळा नाकात ठेवून रक्त नेमके कोठून येते ते शोधतात. ती जागा दिसली की सिल्व्हर नायट्रेटने डागतात. पडद्याला छिद्र पडू नये म्हणून दोन्ही बाजू एकाच वेळी डागत नाहीत. जागा न सापडल्यास औषधी फीत नाकात ठासून भरतात आणि ती साधारणतः एक-दोन दिवसांनी काढतात. रक्त मागील भागातून येत असल्यास फुगा असलेली नळी वापरतात. तेही निष्फळ ठरल्यास दुर्बिणीच्या साहाय्याने रोहिणी बंद करण्याची शस्त्रक्रिया करतात. नंतर काही दिवस नाक जोराने शिंकरू नये, ओझे उचलू नये. नाकाच्या आतील कडेला पेट्रोलियम जेली लावल्यास खपल्या धरत नाहीत.

एका गोष्टीकडे शिक्षकांनी विशेष लक्ष द्यावे. बारा ते वीस वर्षांच्या मुलाची एक नाकपुडी सतत चोंदलेली असून वारंवार पुष्कळ रक्त जात असेल, तर नाकाच्या मागे रक्तवाहिन्यांची गाठ असण्याचा संभव असतो. ती कर्करोगाची नसते, परंतु वाढत जाते आणि शस्त्रक्रियेने काढावी लागते. अशा मुलाला 'उन्हाळी लागली' म्हणून वर्षभर सरबत पाजीत राहिल्यास तो रक्तक्षयाने पांढराफटक पडतो आणि गाठ मात्र पसरते.

अर्धा तास उलटूनही रक्त न थांबणे, रक्त घशात उतरणे, चक्कर येणे, डोक्याला मार लागलेला असणे किंवा सर्पदंशानंतर रक्त येणे, यांपैकी काहीही घडल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. हृदयरोग्याने रक्त पातळ करणारे औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये. तो निर्णय डॉक्टरांचा. तापात ॲस्पिरिन देणे टाळावे.

या कामी फार मोठा खर्च लागत नाही. प्रत्येक शाळेत चिमूट धरण्याची रीत मुलांकडून एकदा करवून घ्यावी. ग्रामपंचायतीने आशा कार्यकर्तीच्या साहाय्याने गावातील वयस्क मंडळींचा रक्तदाब नियमित तपासला जाईल असे पाहावे आणि ज्यांचा घोळणा महिन्यातून वारंवार फुटतो, त्यांची नावे प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावीत. बहुतेकांना दोन बोटांचा दाब पुरेसा होईल. ज्यांना तो पुरणार नाही ते वेळीच डॉक्टरांपर्यंत पोहोचावेत, एवढी दक्षता गावाने घेतली पाहिजे.