वर जाण्यासाठी आधी खाली

व्हॉलीबॉलच्या जाळ्याजवळचा खेळाडू आपण पाहिला असेल. चेंडू मारायला झेप घेण्यापूर्वी तो गुडघ्यांत किंचित खाली बसतो. जायचे आहे वर, मग आधी खाली कशाला?

उत्तर शाळेच्या भिंतीपाशी मिळेल. बोटांना खडू लावा. गुडघे वाकवून, मनात तीन आकडे मोजेपर्यंत तसेच थांबा आणि मग उडी मारून भिंतीवर खूण करा. थोडा दम खा. आता सरळ उभे राहा, झटकन खाली जा आणि न थांबता उसळा. दुसरी खूण बहुधा पहिलीच्या वर उमटेल.

असं का होतं? खाली जाताना मांडीचे नि पोटरीचे स्नायू ताणले जातात व त्यांना जोर धरायला अवसर मिळतो. टाचेमागची शीर ताणलेल्या रबरासारखी परत आखडते. मध्ये थांबलो की हा लाभ बराचसा वाया जातो.

सोव्हिएत प्रशिक्षक युरी व्हर्खोशान्स्की यांनी 1960 नंतरच्या दशकात या तत्त्वावर व्यायाम बसवला. ठराविक उंचीवरून खाली उतरायचे आणि पाय टेकताच पुन्हा उसळायचे. अशा व्यायामांना पुढे ‘प्लायोमेट्रिक्स’ हे नाव मिळाले. अनेक प्रयोगांचा हिशेब एकत्र मांडला, तेव्हा उभ्या उडीत सरासरी सुमारे 5 ते 9 टक्के वाढ दिसली. म्हणजे 40 सेंटिमीटर उडणारा मुलगा आणखी दोन ते साडेतीन सेंटिमीटर उडेल. हे थोडे नव्हे. चेंडू तेवढ्यानेच जाळे ओलांडतो. खो-खोत खांबाशी वळताना, कबड्डीत चढाईहून माघारी फिरतानाही पाय जमिनीवरून चटकन सुटणे हेच कामी येते.

पण एक कबुली देतो. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याला मी म्हणालो, “जितक्या उड्या, तितकी उंची.” पोरगा आज्ञाधारक. रोज ओट्यावरून फरशीवर शंभर-दीडशे उड्या मारू लागला आणि महिन्याभरात गुडघा धरून बसला. चूक त्याची नव्हती, मास्तरांची होती.

म्हणून शिक्षकबंधूंना विनंती. आरंभ दोरीवरच्या आणि जागच्या जागी मारायच्या लहान उड्यांनी करा. उंचावरून उतरणे पुष्कळ पुढचे. जागा मऊ मातीची किंवा गवताची असावी. आठवड्यातून दोनच दिवस, मध्ये दोन दिवस विसावा. संख्या थोडी, पण प्रत्येक उडी मनापासून. उतरताना गुडघे आत वळू देऊ नका.

परीक्षा सोपी आहे. मुलांकडे पाठ करून क्षणभर नुसते ऐका. पाय हलके टेकत असतील तर चालू द्या. ‘धप्प’ असा आवाज येऊ लागला, की पाय थकले असे समजा आणि त्या दिवसाचा खेळ तिथेच थांबवा.