संग्रहालय कशास म्हणावें आणि तें मोजावें कसें?



शाळामास्तराची दोन आंकड्यांशीं जन्माची ओळख असते. एक पटाचा आंकडा आणि दुसरा हजेरीचा. पटावर साठ मुलें असतात, वर्गांत बेचाळीस बसलेलीं दिसतात. दोन्ही आंकडे खरेच. परंतु कोणता आंकडा कोणत्या प्रश्नाचें उत्तर आहे हें ठाऊक नसेल, तर खऱ्या आंकड्यानेंही मनुष्य फसतो. आज मी वस्तुसंग्रहालयांच्या आंकड्यांविषयीं बोलणार आहें, तें ह्याच अनुभवाच्या आधारावर.

बीड जिल्ह्यांतील एका खेड्याच्या शाळेंत मी असतांना तेथें कांचेचें एक कपाट होतें. शेत नांगरतांना सांपडलेलीं तांब्याचीं कांहीं नाणीं, एक मोडका दगडी नंदी, स्पिरिटांत ठेवलेला साप आणि नदीकांठच्या गारगोट्या, एवढा त्यांतील ऐवज. एके वर्षीं वरून एक छापील तक्ता आला. त्यांत प्रश्न होता, "शाळेंत संग्रहालय आहे काय?" मीं "होय" असें लिहिलें. पुढें माझी बदली झाली. माझ्या जागीं आलेल्या गृहस्थांची कांहीं वर्षांनीं गांठ पडली, तेव्हां गोष्टी निघतां निघतां कळलें कीं, त्याच कपाटाकडे पाहून त्यांनीं "नाहीं" असें लिहिलें होतें. नंदी तोच, साप तोच. परंतु सरकारी हिशेबांत एक संग्रहालय कमी झालें! आम्हां दोघांपैकीं खोटें कोणीच लिहिलें नव्हतें. तक्त्यांत प्रश्न होता, पण संग्रहालय कशास म्हणावें हें कोठेंच सांगितलेलें नव्हतें.

हा प्रकार खेड्यांतल्या शाळेपुरताच आहे असें कोणी समजूं नये. अमेरिकेंत संग्रहालयांची संख्या सुमारे १७,५०० आहे असें पुष्कळ वर्षें धरून चालत असत. २०१४ सालीं तेथील सरकारी संस्थेनें नव्या रीतीनें यादी केली, तेव्हां ती ३५,१४४ भरली. एका रात्रींत सतरा हजार इमारती कांहीं उभ्या राहिल्या नव्हत्या. पूर्वीं ज्यांची दाद लागत नव्हती अशा लहानसहान संस्था आतां यादींत आल्या, इतकेंच. युनेस्को ह्या जागतिक संस्थेनें जगांतील संग्रहालयें २०२० सालीं सुमारे ९५,००० सांगितलीं आणि २०२१ सालीं सुमारे १,०४,०००. तें वर्ष तर साथीचें. जगांतील बहुतेक संग्रहालयांचे दरवाजे त्या काळांत बंद होते. दरवाजे बंद असतां संख्या वाढली, ह्याचा अर्थ मोजणारांची माहिती वाढली.

आतां व्याख्येकडे वळूं. संग्रहालयांची आंतरराष्ट्रीय परिषद १९४६ सालीं स्थापन झाली. तिनें आरंभीं जी व्याख्या केली ती वस्तूंच्या संग्रहावर बेतलेली होती. लोकांस खुला असलेला कलेचा, शास्त्राचा, इतिहासाचा अथवा पुराणवस्तूंचा कोणताही संग्रह म्हणजे संग्रहालय. त्यांत प्राणिसंग्रहालयें आणि वनस्पत्युद्यानेंही धरावींत. ग्रंथालयें मात्र, त्यांच्यांत कायमचें प्रदर्शनदालन नसेल तर, धरूं नयेत, असा तिचा आशय होता. त्यानंतर ही व्याख्या अनेक वेळां बदलली. २०२२ सालीं प्राग शहरीं जी ठरली तिचा भर संस्थेवर आहे. ती संस्था नफ्यासाठीं चालतां कामा नये, ती कायमची असावी, लोकांस खुली असावी. तिनें वस्तु नुसत्या सांठवूं नयेत, तर त्यांचें संशोधन, जतन, विवरण आणि प्रदर्शन करावें, अशी तिची अपेक्षा आहे.

ह्या फरकाचा परिणाम पाहावयाचा तर मुंबईच्या राणीच्या बागेंत जावें. एकाच कुंपणाच्या आंत १८७२ सालीं लोकांस खुलें झालेलें आणि १९७५ पासून डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांच्या नांवानें ओळखलें जाणारें वस्तुसंग्रहालय आहे, आणि त्याच्या शेजारीं वाघ-माकडांचे पिंजरे आहेत. १९४६ च्या व्याख्येप्रमाणें दोन्ही संग्रहालयेंच. पण आपल्या सरकारचें राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरण, २००८ सालचें, उघडून पाहिलें तर भाऊ दाजींचें संग्रहालय ९१०२ ह्या वर्गांत पडतें आणि पिंजरे ९१०३ ह्या वर्गांत. ग्रंथालयें आणि दप्तरखाने ९१०१ मध्यें. शिवाय ९१०२ ह्या वर्गांत संग्रहालयांबरोबर ऐतिहासिक स्थळें आणि इमारतीही घातल्या आहेत. म्हणजे वेरुळच्या लेण्यांची व्यवस्था आणि मुंबईच्या संग्रहालयाची व्यवस्था ह्या वर्गीकरणाच्या दृष्टीनें एकाच जातीचीं कामें ठरतात. नोकरचाकर आणि खर्च मोजावयाचा असेल तर हें ठीक आहे. परंतु त्यावरून देशांतील संग्रहालयें किती हें काढूं लागलें, तर पटाचा आंकडा हजेरी म्हणून वाचल्यासारखें होईल.

आपल्या देशांत अशी गणना पूर्वीं झालीच नाहीं असें नव्हे. १९३६ सालीं मार्कहॅम आणि हारग्रीव्ह्ज ह्या दोघांनीं हिंदुस्थानांतील संग्रहालयांचा अहवाल प्रसिद्ध केला, आणि त्यांत १०५ संग्रहालयें नोंदलीं. त्या वेळीं आपला बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. स्वातंत्र्यानंतर राज्यघटना झाली, आणि तिच्या सातव्या अनुसूचींत ह्या विषयाची वांटणी झाली. कलकत्त्याचें इंडियन म्यूझियम, व्हिक्टोरिया मेमोरियल अशा कांहीं संस्था केंद्राच्या यादींत ६२ व्या क्रमांकावर नांवानिशीं आहेत. आणि राज्यांच्या ताब्यांतील किंवा राज्यांच्या खर्चानें चालणारीं संग्रहालयें राज्यांच्या यादींत १२ व्या क्रमांकावर आहेत. विद्यापीठांचीं, नगरपालिकांचीं आणि खाजगी न्यासांचीं संग्रहालयें आणखी निराळींच. इतक्या घरचे हिशेब एका वहींत उतरवावयाचे, तर सर्वांचे शब्द आधीं एक असावे लागतात. ह्याच हेतूनें २०१६ सालीं संग्रहालयांच्या आंकड्यांसाठीं १८४६१ क्रमांकाचें आंतरराष्ट्रीय मानक निघालें. त्यांत माणसें न मोजतां भेटी मोजाव्या, असाही दंडक आहे. एकच मनुष्य वर्षांत तीनदां आला तर भेटी तीन.

वर्गीकरणाचीही अडचण अशीच आहे. औंधचें श्रीभवानी संग्रहालय पाहा. बाळासाहेब पंतप्रतिनिधि ह्या कलाप्रेमी राजानें तें १९३८ सालीं उभारलें. तेथें चित्रें आहेत, हस्तिदंती कोरीव काम आहे, आणि हेन्री मूर ह्या इंग्रज शिल्पकाराची माता व बालक ही कृतिही आहे. ह्यास कलेचें संग्रहालय म्हणावें, संमिश्र म्हणावें, कीं एका संस्थानाचा वारसा म्हणून प्रादेशिक म्हणावें? कोणत्याही एका रकान्यांत घातलें तरी दुसरे दोन रकाने रुसणारच. म्हणून शहाणे आंकडेकार मालकी एका रकान्यांत आणि संग्रहाचा विषय दुसऱ्या रकान्यांत मांडतात. दोहोंची भेसळ करीत नाहींत.

आतां आपल्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यांतील तेर गांवीं येऊं. हें प्राचीन तगर नगर. तेथील रामलिंगप्पा लामतुरे ह्या गृहस्थांनीं गांवच्या मातींतून वर येणाऱ्या वस्तु वर्षानुवर्षें जमविल्या, आणि पुढें त्यांच्या संग्रहाचें शासकीय संग्रहालय झालें. तेथील हस्तिदंती स्त्रीमूर्ति आज पंडितांना ठाऊक आहे. परंतु ती मूर्ति लामतुऱ्यांच्या घरीं होती तोंपर्यंत संग्रहालयांच्या हिशेबांत तिची किंमत शून्य होती. दारावर पाटी लागली आणि शून्याचा एक झाला. मूर्तींत मात्र तिळभरही फरक पडला नव्हता.

आणि आमच्या अंबाजोगाईस तर अद्याप शून्याचा एक व्हावयाचाच आहे अशी एक वस्तु आहे. दासोपंत हे सोळाव्या-सतराव्या शतकांतील संतकवि. त्यांनीं पंचीकरण हा वेदान्तविषय एका पासोडीवर, म्हणजे पांघरण्याच्या जाड सुती कापडावर, लिहून काढला. ती पासोडी त्यांच्या परंपरेंतील देवघरानें पिढ्यानपिढ्या जपली. आतां हें देवघर कोणत्या वर्गांत घालावें? तें संग्रहालय नव्हे. आर्थिक गणनेंत त्याची जागा असलीच तर ९४९१ मध्यें, धार्मिक संस्थांत. म्हणजे मराठी भाषेची अशी अपूर्व ठेव संग्रहालयांच्या राष्ट्रीय आंकड्यांत कोठेंच येत नाहीं. संग्रहालयांच्या नांवानें जो पैसा मंजूर होतो, तो संग्रहालय म्हणून नोंदलेल्या संस्थांकडे जातो. जी वस्तु मोजलीच गेली नाहीं तिला वाळवी लागली तरी कोणाच्या अहवालांत तूट दिसत नाहीं. ह्या विषयांत खरें मर्म असेल तर तें हेंच. नुसत्या शब्दांचा हा वाद नव्हे.

ह्यावर कोणी म्हणतील, मग व्याख्याच सैल करा. देवघर, मठ, जुने वाडे, सर्वांस संग्रहालय म्हणा. मला हें पटत नाहीं. माझें कपाट मीं "होय" म्हणून लिहिलें तें चुकलेंच, असें आज मला वाटतें. तेथें नोंदवही नव्हती, देखरेख करणारा कोणी नव्हता आणि लोकांस तें पाहावयास मिळत नव्हतें. अशीं हजार कपाटें मोजून आंकडा फुगवला, तर ज्यांच्यापाशीं खरोखर नोंदवही, रखवालदार आणि उघडा दरवाजा आहे त्यांचा कमीपणाच होतो; आणि सरकारासही वाटूं लागतें कीं, संग्रहालयें भरपूर आहेत, आतां कशाची उणीव? शिवाय देवघरास संग्रहालयाची पाटी लावणें हा भक्तीवरही अन्याय आहे.

तेव्हां व्याख्या कडक ठेवावी; पण तिच्या बाहेर राहिलेल्या वस्तूंसाठीं दुसरी वही घालावी. ह्याचा मार्ग आपल्या कायद्यानेंच दाखविला आहे. १९७२ च्या पुराणवस्तु कायद्याप्रमाणें शंभर वर्षांची जुनी वस्तु आणि पंचाहत्तर वर्षांचें महत्त्वाचें हस्तलिखित हें पुराणवस्तु ठरतें, मग तें कोणाच्याही घरीं असो. हा कायदा इमारत पाहात नाहीं, वस्तु पाहतो. २००३ सालीं सुरू झालेली राष्ट्रीय हस्तलिखित मोहीम आणि २००७ सालची स्मारकें व पुराणवस्तु ह्यांची राष्ट्रीय मोहीम ह्यांचाही हेतु असाच, म्हणजे जेथें वस्तु असेल तेथें जाऊन ती नोंदण्याचा होता. संग्रहालयांच्या आंकड्यांशेजारीं ह्या नोंदींचा आंकडा छापला जावा, एवढेंच माझें मागणें आहे. म्हणजे वाचणारास कळेल कीं, छपराखालीं किती आहे आणि छपराबाहेर किती.

श्रोतेहो, तोंपर्यंत आपणही स्वस्थ बसण्याचें कारण नाहीं. आमच्या जिल्ह्यांत गांवोगांव वेशीपाशीं वीरगळ उभे आहेत. अंबाजोगाईस यादवांचा सेनापति खोलेश्वर ह्याचे शिलालेख मिळाले आहेत. धर्मापुरीच्या केदारेश्वर मंदिरावर शिल्पें आहेत. प्रत्येक शाळेनें एक वही करावी आणि तींत पांच रकाने आंखावे: वस्तु कोणती, ती कोठें आहे, कोणाच्या ताब्यांत आहे, आज तिची स्थिति कशी आहे, आणि ती पाहावयास मिळते काय. वस्तु तेथून हलवावयाची नाहीं, मालकास दुखवावयाचें नाहीं. फक्त लिहून ठेवावयाचें. माझ्या त्या कपाटांतला मोडका नंदी कोणत्या गांवच्या शेतांत सांपडला होता हें मीं त्या वेळीं लिहून ठेवलें नाहीं. तक्त्यांत "होय" लिहिण्यापूर्वीं तेवढी एक ओळ लिहिली असती, तर आज ती माझ्या "होय" पेक्षां अधिक कामाला आली असती.