नांव कानीं पडतांच लिहितां यावें

आपल्या गांवाचें संकेतस्थळ काढावयाचें ठरलें म्हणजे पहिला प्रश्न नांवाचा. आंकडी पत्ते माणसाच्या ध्यानांत राहत नाहींत, म्हणून त्यांस नांवें देतात; त्या नांवांची आजची व्यवस्था १९८३ सालीं पॉल मॉकापेट्रिस यांनीं आंखली. तेव्हां जें नांव ध्यानांत राहत नाहीं, तें आपल्या मूळ कार्यासच मुकलें.

कसोटी साधी आहे. नांव एकदां मोठ्यानें उच्चारावें. शेजाऱ्यानें तें फिरून न विचारतां बिनचूक लिहून दाखवावें. ‘वाई’ हेंच घ्या. देवनागरींत शंका नाहीं. रोमन लिपींत मात्र आरंभीं कोणी ‘व्ही’ घालील, कोणी ‘डब्ल्यू’. अशा वेळीं सरकारी कागदांत रूढ असलेली वर्णरचनाच स्वीकारावी. जोडरेघ टाळावी, ती कानांस ऐकूं येत नाहीं. २०१४ पासून ‘.भारत’ या प्रत्ययासह देवनागरी नांवही घेतां येतें. तें जोडीस असावें.

आणखी एक. नोंदणी मुदतीची असते. ती एखाद्या उत्साही तरुणाच्या नांवें नको, मंडळाच्या नांवें असावी. तो गांव सोडून गेला व मुदत टळली, तर आपल्या गांवाची पाटी परक्याच्या दारावर लागावयाची!