एका श्वासातल्या तीन कला

(नभोवाणीवरील भाषण, संपादित)

मंडळी, संध्याकाळी सहानंतर भाईंदरच्या कुठल्याही रस्त्यानं चालत गेलात, तर एखाद्या गाळ्यातून डान्स क्लासचा स्पीकर दणदणताना ऐकू येईल. दोन इमारती पुढे पेटीवर ‘सा’ धरून बसलेली मुलं असतील. मधल्या भिंतीवर पाटी असेल : ‘अभिनय कार्यशाळा, दहा दिवस, शेवटी प्रमाणपत्र’. म्हणजे नाच, गाणं आणि अभिनय, तिन्ही शिकण्याची सोय आपल्याकडे आहे. तरीही रंगमंचावर पोट भरू पाहणाऱ्या मुलामुलींना जे सगळ्यात जास्त लागतं, ते या तीन ठिकाणी मिळून मिळत नाही. ते म्हणजे या तिन्हींची सांगड.

घरी एक साधा प्रयोग करून बघा. दोन मिनिटं जागच्या जागी उड्या मारा आणि लगेच ओळखीच्या गाण्याचं धृपद म्हणा. पहिल्याच ओळीत दम तुटेल. नाचताना श्वास छातीच्या वरच्या भागात भराभर चालतो. गाण्याला तो खालून, पोटाच्या बाजूनं, बेताबेतानं सोडावा लागतो. संवादात तर श्वास कुठे घ्यायचा हे वाक्याचा अर्थ ठरवतो. नाचाचे सर वेगळे, गाण्याच्या बाई वेगळ्या, कार्यशाळेचे दिग्दर्शक वेगळे; छाती मात्र मुलाला एकच! नाच थांबल्यावर चार मात्रांत श्वास खाली कसा आणायचा, गाण्याच्या कुठल्या ओळीला हालचाल कमी करायची, हे मुद्दाम शिकवावं लागतं, आणि एकदा नाही, रोज.

पूर्वी हे काम नाटक कंपन्या करत. बालगंधर्व १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले, तेव्हा जेमतेम सतरा वर्षांचे होते. गद्याची तालीम गोविंद बल्लाळ देवलांसारख्या नाटककाराकडे आणि गाणं भास्करबुवा बखल्यांकडे. भास्करबुवा मैफलीतले थोर गवई. पण १९१६ च्या ‘स्वयंवर’ला चाली देताना त्यांनी रागदारी नाटकाच्या मापात बसवली. कंपनीतलं आयुष्य काही गोड नव्हतं. शाळा सुटायची, बिऱ्हाड पाठीवर असायचं, आणि आवाज फुटल्यावर स्त्रीभूमिका करणाऱ्या पोराचं काय होणार हा घोर वेगळाच. तरीही बोलण्यातून गाण्यात कसं शिरायचं आणि गाण्यातून बोलण्यात कसं परतायचं, हे तिथे प्रेक्षकांसमोर रात्रीमागून रात्री घोटलं जाई. नाच मात्र त्या पांढरपेशा नाटकात फारसा आला नाही. तो तमाशाच्या फडात राहिला आणि आपण त्याकडे पाहून नाकं मुरडली.

खरं म्हणजे तिन्ही कला एका देहात पाहायच्या तर लावणीकडेच जावं लागतं. यमुनाबाई वाईकर (१९१५-२०१८) यांच्यासारख्या कलावतींची बैठकीची लावणी आठवा. जागेवर बसून एकाच ओळीचा अर्थ चेहऱ्यानं, हातानं आणि सुरानं पुन्हा पुन्हा नवा करून दाखवायचा. यमुनाबाईंना २०१२ साली पद्मश्री मिळाली. ही विद्या घराघरांतून आईकडून मुलीकडे जात आली. तिला ‘प्रशिक्षण’ म्हणायला आपल्याला फार वेळ लागला.

शहरी रंगभूमीवर ही सांगड जमली ती १९७२ साली, ‘घाशीराम कोतवाल’मध्ये. विजय तेंडुलकरांची संहिता, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचं संगीत आणि कृष्णदेव मुळगुंदांची नृत्यरचना. एका ओळीत उभे असलेले, डुलणारे, गाणारे ब्राह्मण हाच त्या नाटकातला पडदा. त्यातला एक जण तालात चुकला तर अख्खी भिंत चुकते. नाना फडणविसांची भूमिका करणारे मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ, दिग्दर्शक बालरोगतज्ज्ञ. म्हणजे नाटक हा पोटापाण्याचा धंदा नसलेली ही मंडळी. पण तालमी मात्र त्यांनी पक्क्या व्यावसायिकांसारख्या केल्या. १९८० साली हे नाटक युरोपात गेलं, ते काही नुसत्या हौसेच्या जोरावर नव्हे.

आज अशा कलाकारांना मागणी आहे का? आहे. २०१६ साली आलेल्या ‘मुघल-ए-आझम’ या संगीतिकेत नट प्रत्यक्ष गात होते आणि सोबत कथक नर्तकींचा मोठा ताफा होता. आपल्या ‘संगीत देवबाभळी’त, २०१७ पासून, दोन अभिनेत्रींनी सगळा प्रयोग गाण्याअभिनयावर तोलून धरला. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आठवड्याला आठ प्रयोग हा सर्वसाधारण रिवाज आहे. आठव्या प्रयोगालाही आवाज आणि गुडघे पहिल्यासारखेच हवेत. हौशी कलाकार आणि व्यावसायिक कलाकार यांच्यात मला तरी मुख्य फरक हाच दिसतो. एका रात्री चमकणं पुष्कळांना जमतं.

आणि इथेच खरी काळजीची गोष्ट येते. भाईंदर-नायगाव परिसरातल्या मुलांचा ‘व्ही अनबीटेबल’ हा नृत्यसंघ २०१९ साली ‘अमेरिकाज गॉट टॅलेंट’ या स्पर्धेत चौथा आला आणि २०२० साली त्याच स्पर्धेची ‘चॅम्पियन्स’ मालिका त्यांनी जिंकली. चाळी-झोपड्यांतून आलेली ही पोरं! आपण अभिमानानं सांगतो, सांगावंच. पण त्यांच्या नावातला ‘व्ही’ कुठून आला, हे कमी जणांना ठाऊक असतं. सरावात पडून जखमी झालेला आणि पुढे दगावलेला त्यांचा एक साथीदार होता. त्याच्या नावाचं ते आद्याक्षर आहे. एकमेकांना हवेत फेकून झेलणाऱ्या मुलांना जाड गादी, झेलायला शिकलेले हात आणि ‘आज नको’ म्हणणारा जाणता शिक्षक या गोष्टी बक्षिसाच्या आधी मिळाल्या पाहिजेत. लादीवर कोलांट्या मारायला लावणारे क्लास मी आपल्याच शहरात पाहिले आहेत. गळ्याचंही तसंच. स्पीकरच्या वर आवाज चढवून ओरडणाऱ्या मुलाच्या स्वरयंत्रावर गाठी येऊ शकतात, आणि आवाज फुटण्याच्या वयात मुलाला ताणून वरच्या पट्टीत गायला लावणं म्हणजे तर शुद्ध अविचार.

म्हणून पालकांनो, क्लासच्या भिंतीवरचे सेलिब्रिटींचे फोटो नंतर बघा. आधी जमीन बघा. लाकडी आहे की लादी? शिक्षक नाचाआधी अंग मोकळं करून घेतात का? एका तुकडीत मुलं किती? नोंदणी आणि फोटोंचे पैसे आधी घेऊन मालिकेत काम देतो म्हणणाऱ्याला तर जिन्यावरूनच नमस्कार करा. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा मुलीनं जरूर द्याव्यात, पण ते गाणं बसून गायचं असतं. तेच गाणं उभं राहून, चालत, कुणाकडे तरी बघत गायचा सराव वेगळा करावा लागेल.

वाणीचा प्रश्न तर आपल्याकडे खासच. घरी मराठी किंवा गुजराती, जिन्यात हिंदी, शाळेत इंग्रजी. मुलाचा ‘ळ’ कुठे हरवतो ते कळतही नाही. पण हाच मुलगा तीन भाषांत ऑडिशन देऊ शकतो, हे भांडवलही दुसऱ्या कुणाकडे नाही!

बारावीनंतर, पदवीनंतर वाटा आहेत. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र १९८७ पासून नाट्य, संगीत आणि नृत्य एकाच छपराखाली शिकवतं. मुंबई विद्यापीठाची थिएटर आर्ट्स अकादमी २००३ मध्ये वामन केंद्रे यांच्या पुढाकारानं सुरू झाली. ती कलिन्याला, म्हणजे भाईंदरहून लोकलनं जाता येईल इतकी जवळ. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात तीन वर्षांचा अभ्यासक्रम आणि विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती. मात्र तिथे पदवी आणि नाटकांतल्या कामाचा अनुभव लागतो. तेव्हा बारावीनंतर कॉलेज सोडून ‘स्ट्रगल’ करायला निघालेल्या मुलाला एवढंच सांगा की, पदवी घे आणि एकांकिका स्पर्धेत पडेल ते काम कर, पडदा ओढायचंसुद्धा.

प्रश्न उरतो तो आठ ते अठरा या वयाचा. त्यांच्यासाठी आपल्या शहरात काही नाही. दहिसर चेकनाक्याजवळ लता मंगेशकरांच्या नावाचं नाट्यगृह २०२२ मध्ये खुलं झालं. इतकी वर्षं मराठी नाटकासाठी बोरिवली किंवा ठाणे गाठणाऱ्यांची सोय झाली. ज्या सकाळी तिथे प्रयोग नसेल, त्या सकाळी नाचाचे सर, गाण्याच्या बाई आणि नाटकवाला असे तिघं एकाच वेळी, त्याच वीस मुलांसमोर उभे राहिले तर? मंच महापालिकेचा, मुलं आपली. सुरुवातीला फक्त गाद्या विकत घ्याव्या लागतील.