सोम आणणारा माणूस



वेदांतला सोम म्हणजे कोणती वनस्पती? १९६८ साली वॅसन या अमेरिकन अभ्यासकाने उत्तर दिले : पांढऱ्या ठिपक्यांची तांबडी अळंबी. ऋग्वेदात सोमाची पाने, मुळे, फुले वर्णिलेली नाहीत, हा त्यांचा आधार. पुष्कळ पंडितांना ते पटले नाही. ही अळंबी थंड मुलखातली, भूर्जवृक्षाच्या सावलीतली. आपल्याकडचे याज्ञिक सोम म्हणून बिनपानांची एक वेल कुटतात. पुण्यास संस्कृत शिकविणाऱ्या मार्टिन हाउग यांनी १८६३ पूर्वी तिचा रस चाखला. तो त्यांना अगदी वाईट लागला.

आम्हां कामगार चळवळीतल्यांचे लक्ष मात्र आणणाऱ्याकडे जाते. श्रौत विधीत सोम विकत घेतात. घासाघीस होते, मोबदल्यात गाय ठरते. आणि सोम हाती येताच विक्रेत्याला झोडपून गाय परत घ्यावी, असे काही सूत्रे सांगतात. मनुस्मृतीने तर सोम विकणाऱ्याला श्राद्धाच्या पंक्तीतून उठविले. रस अमृताचा, आणि तो आणणारा अपवित्र!

उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूरच्या कामगाराला हा हिशेब नवा नाही. सोम अळंबी की वेल, हे पंडित ठरवोत. ज्याच्या हातचे घेतले, त्याला पंक्तीत बसवा. आमच्या लेखी धर्म तिथून सुरू होतो.