जोगता आणि आपण



आजऱ्याच्या मुलखात जोगता कोणाला ठाऊक नाही? अंगावर लुगडे, कपाळाला भंडारा, डोक्यावर यल्लमाचा जग. चौंडकं वाजलं की बाया सूप घेऊन दारात येतात. जोगवा घालतात, पाया पडतात. पण तोच जोगता कामाला येतो म्हणाला, तर त्याला कोणी ठेवून घेत नाही. पंगतीत कोणी शेजारी बसत नाही. असे का?

एखादा मुलगा लहानपणापासून मुलींत रमतो, मुलीसारखा वागतो. आईबाप घाबरतात. लोक म्हणतात, "यल्लमाची बाधा आहे, तिला सोडा." मग त्याला सौंदत्तीच्या डोंगराला नेतात. शाळा सुटते, घरही सुटते. पुढे जन्मभर दारोदार मागणे. आपल्याच भागातले लेखक राजन गवस यांनी हे हाल कादंबऱ्यांत लिहिले. त्यांवरून २००९ साली 'जोगवा' हा चित्रपट निघाला.

हा देवीचा कोप नव्हे, रोगही नव्हे. कोणी डावखुरा जन्मतो, तसेच हे आहे. आम्ही पुष्कळ वर्षे मुले शिकवली. डावखुऱ्या पोराच्या बोटांवर छडी मारणारे मास्तर आम्ही पाहिले. पोर उजवं झालं नाही, त्याचं लिहिणं मात्र थांबलं. कोणा पुरुषाचे मन पुरुषावर जडते, कोणा बाईचे बाईवर. तेही असेच. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली ते रोगांच्या यादीतून काढून टाकले.

कायदाही बदलत आला. इंग्रजांनी १८६० साली केलेल्या कायद्यात पुरुषा-पुरुषांचा संबंध गुन्हा होता. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, दोन सज्ञान माणसांनी राजीखुषीने ठेवलेला संबंध गुन्हा नव्हे. त्याआधी २०१४ साली त्याच न्यायालयाने तृतीयपंथीयांची वेगळी ओळख मान्य केली. २०१९ सालच्या कायद्याने त्यांना घरातून किंवा गावातून हुसकावणे गुन्हा ठरवले. त्याला सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कैद सांगितली. अशा जोडप्यांच्या लग्नाला मात्र २०२३ साली न्यायालयाने मान्यता दिली नाही. ते काम संसदेवर सोडले.

गावेही बदलत आहेत. सोलापूर जिल्ह्यातल्या तरंगफळ गावाने २०१७ साली ज्ञानेश्वर कांबळे या तृतीयपंथीयांना सरपंच निवडले. जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुक गावाने २०२१ साली अंजली पाटील यांना ग्रामपंचायतीवर पाठवले. ही शहरे नव्हेत, आपल्यासारखीच खेडी आहेत.

तेव्हा आमचे सांगणे एवढेच. घरात असे लेकरू असेल, तर त्याला देवीला सोडू नका. शाळेतून काढू नका. रेशनकार्डावरचे त्याचे नाव राहू द्या, जमिनीतला त्याचा वाटा राहू द्या. दारात जोगता आला, तर पसाभर तांदूळ खुशाल घाला. पण त्याला विचाराही, "आमच्या भातलावणीला येणार का?" आला तर सर्वांबरोबर जेवायला बसवा, आणि मजुरी इतरांइतकीच द्या.